पाळीव सापाचा खर्च: मांडणीचा आणि पुढच्या वर्षांचा

कातळ (धागाकर्ता)

साप पाळू इच्छिणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा "साप केवढ्याला मिळतो?" हाच असतो. माझ्या मते हा प्रश्न हिशेबात शेवटी यायला हवा, कारण एकूण खर्चात खुद्द सापाचा वाटा बहुतेक वेळा सर्वांत लहान असतो. त्याला ठेवण्याची पेटी, ती उबदार ठेवणारी साधने, त्या साधनांवर नियंत्रण ठेवणारा थर्मोस्टॅट, वीज, गोठवलेले उंदीर, तळाशी पसरायचे साहित्य आणि पशुवैद्य यांपैकी काही खर्च सुरुवातीला एकदम येतात आणि उरलेले साप जिवंत असेपर्यंत येतच राहतात. कॉर्न स्नेक (उत्तर अमेरिकेतला बिनविषारी साप) नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षे जगतो आणि बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) २० ते ३० वर्षे. रकमा मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या जागेनुसार आणि काळानुसार बदलतात. कोणता खर्च कधी येतो, कोणता कमी करता येतो आणि कोणता टाळला तर अंगाशी येतो, हे कळले की रकमा ज्याच्या त्याला भरता येतात.

चर्चा बिनविषारी आणि मध्यम आकाराच्या सापांपुरती ठेवू या. बर्मीज पायथन किंवा रेटिक्युलेटेड पायथन यांसारख्या जातींना पेटी नव्हे, खोलीच लागते, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा करावा लागेल.

सर्वांत आधी कायदा पाहावा. काही ठिकाणी साप पाळण्यास पूर्ण मनाई असते, काही ठिकाणी स्थानिक जातींना मनाई आणि बाहेरच्या जातींना परवाना असतो, तर काही ठिकाणी नुसती नोंदणी पुरते. सर्व जातींचे अजगर सायटीस या, वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असल्याने त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात, आणि बॉल पायथन परिशिष्ट २ मध्ये आहे. साप कुठे जन्मला आणि कोणाकडून आला याचा कागद हाती नसेल तर तो कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये. जंगलातून धरलेला साप तर कोणत्याच कारणाने घेऊ नये. तो बहुधा परजीवी घेऊन येतो, बंदिवासात खात नाही आणि खरेदीत वाचलेले पैसे उपचारांत जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या जिवाचे हाल होतात.

आता मांडणी. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक साधारण १२० ते १५० सेंटिमीटर लांब होतो. त्याला अंग जवळजवळ पूर्ण ताणता यावे असे धरले तर १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच पेटी मी किमान मानतो. पेटीला कुलूप किंवा घट्ट खटका हवाच, कारण जिथे सापाचे डोके शिरते तिथून उरलेला सापही जातो. आत लपायला किमान 2 जागा हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. त्या अंगाला चहूबाजूंनी टेकतील इतक्या तंग असाव्यात. एकच जागा ठेवली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांत निवड करावी लागते आणि तो सुरक्षितता निवडून थंडीत पडून राहतो. पाण्याचे जड भांडे, चढायला फांद्या, 2 तापमापक आणि एक आर्द्रतामापक हेही लागते. यांतले बरेचसे साधे, घरगुती साहित्य वापरून चालते आणि तिथे काटकसर करायला माझी हरकत नाही.

काटकसर करू नये अशी जागा एकच, ती म्हणजे थर्मोस्टॅट. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) किंवा दिवा थेट विजेला जोडून ठेवणे धोक्याचे आहे. साप अंगात उष्णता निर्माण करीत नाही, ती बाहेरून घेतो, आणि तापलेल्या पृष्ठभागावर भाजेपर्यंत पडून राहू शकतो. पोटाचे खवले भाजले तर उपचार महिनोन् महिने चालतात. थर्मोस्टॅट घेतला की काम संपले असेही नाही, त्याचा संवेदक कुठे बसवला आहे हे तितकेच महत्त्वाचे असते. मॅटसाठी तो मॅटच्या पृष्ठभागाशी पक्का बसवावा आणि तारही चिकटवून टाकावी. सापाने रेटून तो थंड बाजूला नेला किंवा पाण्याच्या भांड्यात पाडला, तर यंत्राला पेटी थंड झाली असे वाटते आणि ते मॅट तापवीतच राहते. चिकटपट्टी मात्र आत उघडी ठेवू नये. ती सापाच्या खवल्यांना चिकटली तर सोडवताना कातडी निघते. संवेदकाची तार पेटीच्या भोकातून आणून गोंदाने किंवा बांधायच्या पट्टीने जखडावी.

नवखा

लेख उपयुक्त आहे, आभारी आहे. दोन शंका आहेत. बाजारात पेटी, मॅट, तापमापक आणि लपण्याची जागा असा एकत्र संच मिळतो आणि तो सुट्या खरेदीपेक्षा स्वस्त पडतो. त्यापासून सुरुवात केली तर काय बिघडेल? दुसरे, साप लहान असतानाच मोठी पेटी घेतली तर तो घाबरतो आणि खात नाही असे ऐकले आहे. मग आधी लहान आणि नंतर मोठी अशा दोन पेट्या घ्याव्या लागणार का?

शेवाळ

संचाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. त्यातली पेटी बहुधा पिल्लापुरती असते, तापमापक काचेवर चिकटवण्याचा असल्याने काचेचे तापमान दाखवतो आणि थर्मोस्टॅट बहुतेक संचांत नसतोच. वर्ष-दीड वर्षात पेटी बदलावी लागते, तापमापक आधीच बदलावा लागतो, आणि थर्मोस्टॅट वेगळा घ्यावा लागतो. म्हणजे स्वस्त वाटलेला संच पुन्हा सगळे घ्यायला लावतो.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र तुम्ही ऐकलेल्या गोष्टीपेक्षा माझा अनुभव थोडा वेगळा आहे. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू मोकळ्या, उजाड पेटीत नक्कीच बिथरते. पण त्याचे कारण पेटीचा आकार नसून आडोशाचा अभाव असतो. पूर्ण आकाराच्या पेटीत पालापाचोळा, कागदाचे गोळे, झाडाच्या साली आणि कृत्रिम वेली दाटीने भरल्या की पिल्लूही निर्धास्त वावरते. काही पिल्ले तरीही खात नाहीत. अशांना काही महिने झाकणाच्या छोट्या प्लास्टिक डब्यात ठेवण्याला माझा विरोध नाही आणि तो डबा महागही नसतो. म्हणून पेटी एकदाच, पूर्ण आकाराची घ्यावी. पुढे तो डबा विलगीकरणासाठी किंवा पेटी धुताना सापाला ठेवायला उपयोगी पडतो, त्यामुळे तो खर्चही वाया जात नाही.

काचेच्या पेटीबद्दलही सांगायचे आहे. वरून जाळी असलेल्या काचेच्या पेटीतून ऊब आणि दमटपणा दोन्ही भराभर निघून जातात. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते आणि अशा पेटीत ती टिकवणे कष्टाचे असते. लाकडी किंवा पीव्हीसीची, पुढून उघडणारी पेटी सुरुवातीला महाग पडली तरी ऊब धरून ठेवते. शिवाय वरून हात येत नसल्याने साप कमी दचकतो, कारण वरून झडप घालणारा तो शिकारी अशीच त्याची उपजत समजूत असते.

दुर्बीण

विजेचा हिशेब कोणी मांडला नाही म्हणून मी मांडतो. एक उदाहरण घेऊ या. दिवसा १२ तास ७५ वॅटचा हॅलोजन दिवा आहे आणि थर्मोस्टॅट त्याला सरासरी दोनतृतीयांश शक्तीवर चालवतो. हे झाले दिवसाला ०.६ युनिट. रात्री १२ तास ६० वॅटचा सिरॅमिक हीटर (उजेड न देता ऊब देणारा) निम्म्या शक्तीवर, हे ०.३६ युनिट. अतिनील प्रकाशाची २४ वॅटची नळी १२ तास, हे जवळजवळ ०.२९ युनिट. एकूण दिवसाला सव्वा युनिट आणि वर्षाला सुमारे ४५५ युनिट. आपल्या विजेच्या दराने याला गुणले की वर्षाचा आकडा मिळतो. याउलट १६ वॅटची हीट मॅट अहोरात्र पूर्ण शक्तीवर चालली तरी वर्षाला सुमारे १४० युनिट होतात. मात्र मॅट फक्त पृष्ठभाग तापवते, पेटीतली हवा नाही, म्हणून खोली थंड असेल तर केवळ मॅटवर भागत नाही.

हे आकडे सर्वांना लागू पडणार नाहीत. खोलीचे तापमान आणि पेटीचे अपेक्षित तापमान यांत जितके अंतर, तितकी वीज जास्त. कॉर्न स्नेकला उबदार बाजूला २९ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला २२ ते २४ अंश पुरतात. बॉल पायथनला उबदार बाजू ३१ ते ३३ अंशांची आणि थंड बाजू २५ ते २७ अंशांची लागते. म्हणजे थंड खोलीत बॉल पायथनचे बिल कॉर्न स्नेकपेक्षा निश्चितच जास्त येते. बाहेरच्या भिंतीपासून पेटी थोडी दूर ठेवणे आणि तिच्या मागच्या व बाजूच्या अंगांना बाहेरून थर्माकोल लावणे, हे दोन उपाय स्वस्त आहेत आणि त्यांचा परिणाम बिलात दिसतो. दिव्याजवळ मात्र थर्माकोल कधीही नको.

अतिनील नळीविषयी नवख्यांनी ध्यानात ठेवावे की तिचा उजेड दिसत राहतो पण अतिनील किरणे ओसरतात. टी५ प्रकारची (बारीक व्यासाची) नळी साधारण वर्षाने बदलावी लागते, म्हणून ती वार्षिक खर्चातच धरावी. सापाला तिची गरज किती, यावर जाणकारांत पूर्ण एकमत नाही. माझ्याकडे ती आहे, कारण साप सकाळी तिच्या उजेडात येऊन बसलेला मी पाहतो आणि त्याला दिवस-रात्रीचा फरक स्पष्ट कळावा असे मला वाटते.

रानवाट

खाद्याबाबत लिहिते. इतर पाळीव प्राण्यांच्या तुलनेत हा खर्च खरोखर कमी असतो. पिल्लू पाच-सात दिवसांनी एकदा खाते. वाढ झालेल्या कॉर्न स्नेकला दोन आठवड्यांतून एकदा पुरते, आणि प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांतून एकदा. म्हणजे प्रौढ सापाची वर्षाची जेवणे तेरा ते सव्वीस. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा किंचित जास्त असावी. गोठवलेले उंदीर एकदम जास्त घेतले तर स्वस्त पडतात, पण साप वाढत असताना वर्षाचा साठा एकाच मापाचा घेऊ नये, कारण दोन-तीन महिन्यांतच ते माप त्याला अपुरे पडते.

जिवंत उंदीर स्वस्त मिळतो म्हणून तो पेटीत सोडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नका. कोंडलेला उंदीर चावतो आणि त्याने सापाचे डोळे व पाठ कुरतडल्याची उदाहरणे पशुवैद्यांना ठाऊक असतात. त्यात उंदराचेही हाल होतातच.

गोठवलेला उंदीर रात्री फ्रिजमध्ये ठेवून वितळवावा, मग पिशवीत घालून सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावा. पोटावर बोट दाबून आत गोठलेला खडा लागत नाही ना हे पाहावे. वरून ऊबदार आणि आतून गोठलेला उंदीर साप गिळतो आणि दोन दिवसांनी अर्धवट पचलेला बाहेर टाकतो. त्यानंतर किमान दहा दिवस त्याला काहीही देऊ नये. मायक्रोवेव्ह वापरू नये आणि वितळलेला उंदीर पुन्हा गोठवू नये. लांब चिमटा घ्यावा, तो एकदाच घ्यावा लागतो आणि हात वाचवतो. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल तर साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गाचा धोका गांभीर्याने घ्यावा. उंदरांसाठी फ्रीजरमध्ये झाकणाचा वेगळा डबा ठेवावा, पेटीतली भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

बॉल पायथन घेणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी. हा साप, विशेषतः प्रौढ नर, विणीच्या हंगामात महिनोन् महिने खात नाही. वजन टिकून असेल तर घाबरण्याचे कारण नसते. स्वयंपाकाचा डिजिटल काटा नको, त्याच्यासाठी वेगळा काटा घ्यावा आणि वजनाची नोंद ठेवावी. अनेकांचे पशुवैद्याकडचे अनावश्यक फेरे या वहीमुळे वाचतात आणि आवश्यक फेरा वेळेवर होतो.

नवखा

म्हणजे दरमहा खर्च फार नाही असे दिसते. मग पशुवैद्यासाठी वेगळी रक्कम राखायलाच हवी का? साप फारसे आजारी पडत नाहीत असे विकणारे सांगतात.

कातळ (धागाकर्ता)

राखायलाच हवी, आणि साप आणण्याआधी. सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार करणारा पशुवैद्य जवळ आहे का, हे आधी शोधावे, कारण कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकाला सापाचे शिक्षण मिळालेले नसते. तो दूर असेल तर प्रवास हाही खर्चाचा भाग होतो.

पहिल्या महिन्यात एक तपासणी आणि विष्ठेची परजीवींसाठी चाचणी करावी. ती नेमाची आणि हाताबाहेर न जाणारी असते. त्यानंतर वर्षे जातात आणि काहीच लागत नाही, इथपर्यंत विक्रेत्याचे म्हणणे खरे. पण साप दुखणे लपवतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुड्यांपाशी बुडबुडे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज अशी लक्षणे दिसेपर्यंत श्वसनमार्गाचा संसर्ग बराच पुढे गेलेला असतो. मग इंजेक्शनांचा कित्येक आठवड्यांचा क्रम, कधी क्ष-किरण तपासणी, कधी नळीतून घेतलेल्या नमुन्याची चाचणी असे सगळे येते. मादी असेल तर नराशिवायही अंडी धरू शकते आणि ती अडली तर शस्त्रक्रिया लागते. अशा एका प्रसंगाचा खर्च पेटी, दिवे आणि साप यांच्या एकत्रित किमतीहून जास्त होऊ शकतो. म्हणून मी म्हणतो की मांडणीवर जितके खर्च कराल, निदान तितकेच बाजूला काढून ठेवावे आणि त्यात दरमहा थोडी भर घालत राहावी. तेवढे जमत नसेल तर साप आणणे लांबणीवर टाकावे. हे कठोर वाटेल, पण उपचारांअभावी तळमळणारा साप पाहण्यापेक्षा हे बरे.

काही दुखणी पैशाशिवाय टळतात. कात टाकताना ती तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि डोळ्यावरची पातळ टोपी तशीच राहिली, तर डोळा सुरकुतल्यासारखा आणि निस्तेज दिसतो. ती चिमट्याने ओढायला जाऊ नये, डोळा जातो. ओलसर शेवाळ भरलेला झाकणाचा डबा, एका बाजूला भोक पाडून, कात येण्याच्या दिवसांत आत ठेवला की बहुतेक वेळा पुढची कात सलग निघते आणि तिच्याबरोबर ती टोपीही येते. सलग निघालेली कात उजेडात धरून दोन्ही डोळ्यांच्या गोल टोप्या तिच्यात आहेत का, हे मी दर वेळी पाहतो.

शेवाळ

दुसरा साप घेण्याच्या मोहाबद्दलही लिहायला हवे. पहिल्याचा खर्च कमी वाटला की दुसरा येतो. दोघांना एका पेटीत ठेवता येत नाही, त्यामुळे पेटी, थर्मोस्टॅट, दिवे सगळे दुप्पट होते. शिवाय नव्या सापाला निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी आणि वेगळा चिमटा वापरून ठेवावे लागते. सापाच्या अंगावरचे माइट (रक्त शोषणारे बारीक जीव) एका पेटीतून दुसऱ्या पेटीत सहज जातात. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ते माइट असण्याची शक्यता मोठी. तळाचे साहित्य सगळे फेकावे लागते, पेटीच्या सांधीकोपऱ्यांतून औषध फिरवावे लागते आणि हे काही आठवडे पुन्हा पुन्हा करावे लागते. अजगरांमध्ये निडोव्हायरस आणि बोआ गटातल्या सापांमध्ये इनक्लुजन बॉडी डिसीज हे विषाणूंचे विकार तर बरे होतच नाहीत, म्हणून चाचणीचे पैसे विलगीकरणाच्या काळातच खर्च करावेत.

रंगांच्या मोहालाही हेच लागू आहे. मॉर्फ म्हणून विकल्या जाणाऱ्या दुर्मीळ रंगप्रकारांची किंमत साध्या सापाच्या कित्येक पट असते, पण त्यांना पेटी, ऊब, खाद्य तेवढेच लागते. बॉल पायथनमधल्या 'स्पायडर' या प्रकारात रंगाबरोबरच मज्जासंस्थेचा उपजत दोष येतो आणि साप डोके सावरू शकत नाही, ते डगमगत राहते. असा साप विकत घेणे म्हणजे त्या पैदाशीला पाठबळ देणे, म्हणून मी कोणालाही त्याची शिफारस करीत नाही.

रानवाट

वर्षांच्या हिशेबात एक भर घालते. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील एका मादी बॉल पायथनने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे असल्याचा तिथल्या तज्ज्ञांचा अंदाज होता. घरातला साप इतका जगेलच असे नाही, पण शिक्षण, नोकरी, लग्न, घरबदल या सगळ्यांत तो बरोबर असणार हे धरून चालावे. भाड्याच्या घरात मालकाची संमती लेखी घ्यावी. आपण गावाला गेल्यावर उंदीर वितळवून देईल असा माणूस हाताशी असावा. कुत्र्याला शेजारी सांभाळतात, सापाला क्वचित.

नवखा

शेवटची शंका विचारतो. मी आता पेटी, दिवा आणि थर्मोस्टॅट आधी घेऊन, साप नसताना दोन-तीन आठवडे चालवून पाहायचे ठरवले आहे. आमच्याकडे वीज अधूनमधून जाते. त्यासाठी इन्व्हर्टरचा खर्चही धरावा लागेल का?

दुर्बीण

रिकामी पेटी आधी चालवून पाहण्याचा निर्णय योग्य आहे. सकाळी, दुपारी आणि पहाटे दोन्ही बाजूंचे तापमान लिहून ठेवा, त्यातून दिव्याची शक्ती कमी-जास्त करायची का ते साप येण्याआधीच कळेल.

काही तास वीज गेल्याने निरोगी सापाला सहसा अपाय होत नाही, रात्री निसर्गातही तापमान उतरते. केवळ त्यासाठी इन्व्हर्टर घेण्याची गरज मला वाटत नाही. पेटीवर जाड पांघरूण टाकावे, दिवा थंड झाला आहे आणि हवा आत जायला फट आहे याची खात्री करूनच. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवता येते. वीज परत आल्यावर दिवा आपोआप लागेल, म्हणून पांघरूण वेळेत काढायला विसरू नये. अडचण होते ती सापाने नुकतेच खाल्लेले असताना. ऊब नसेल तर पचन मंदावते आणि पोटातला उंदीर सडू लागतो, मग साप तो बाहेर टाकतो. म्हणून वीज जाण्याची पूर्वसूचना असेल किंवा वादळाचे दिवस असतील, तर त्या आठवड्याचे खाणे पुढे ढकला. प्रौढ सापाला चार-सहा दिवसांच्या उशिराने काहीही होत नाही.